पायवाट कोणाच्या खात्यावर?

दुर्गदबैलात पहिल्यांदा येणारा महाराष्ट्रातला पाहुणा हमखास विचारतो, "इथे पूर्वी बैलांचा बाजार भरायचा का हो?" आम्ही हसून सांगतो की हा बैल मराठी नव्हे, कन्नड आहे. 'बयलु' म्हणजे उघडे मैदान. दुर्गद बयलु म्हणजे किल्ल्याचे मैदान. पाहुणा चहूकडे बघतो. बांगड्यांची दुकाने, भाजीच्या गाड्या, फुलवाल्या, संध्याकाळी गिरमिट आणि मिरचीभजीचे गाडे, आणि या सगळ्यातून वाट काढणाऱ्या स्कूटर. किल्ला दिसत नाही, मैदानही दिसत नाही. "मग मैदान गेलं कुठे?" या प्रश्नापाशी आम्ही अडतो. एका दिवसात कोणी ते उचलून नेले नसणार. हातहातभर करून गेले असणार, आणि प्रत्येक वेळी कारण चांगलेच असणार.

हे आज आठवायला निमित्त झाले आमच्याच एका अर्जाचे. दुर्गदबैल, दाजिबानपेठ आणि मराठा गल्ली या भागातले आम्ही दहा-बारा जण रोज पहाटे साडेपाचला स्कूटर काढतो आणि उणकलच्या बाजूला नृपतुंग बेट्टावर जातो. बहुतेक जण निवृत्त: कोणी बँकेतले, कोणी रेल्वेतले, दोघे शिक्षक. याला आम्ही जॉगिंग म्हणतो. खरे धावणारे आमच्यात दोनच, तेही तिशीतले. बाकीच्यांचे भरभर चालणे आणि गप्पा मारणे एकाच वेळी सुरू असते. बेट्टावर बाग आहे, मुलांची खेळणी आहेत, बसायला बाक आहेत. पण आम्हाला ओढ असते ती उतारावरच्या झाडीतल्या मातीच्या पायवाटेची. पावसाळ्यात माती बुटाला चिकटते, उन्हाळ्यात वाळलेली पाने पायाखाली वाजतात, आणि उंचावरून उणकलचे तळे दिसले की गुडघ्यांची कुरकुर घटकाभर थांबते. २०११ च्या जनगणनेत हुबळी-धारवाडची लोकसंख्या ९ लाख ४३ हजारांच्या घरात होती. आज ती नक्कीच वाढलेली आहे. एवढ्या वस्तीच्या शहरात घरापासून वीस मिनिटांवर झाडीतून धावता येणे ही मोठी मिळकत आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही या पायवाटेच्या 'सुधारणे'साठी अर्ज करायचे ठरवले. मसुदा लिहिण्याचे काम अर्थातच बँकवाल्यांकडे आले. मागण्या पाच होत्या. वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवावेत, दर काही अंतरावर दिवे लावावेत, व्यायामाची उपकरणे ठेवावीत, दोन्ही बाजूंची झुडपे काढावीत आणि गाड्या लावायला जागा मोठी करावी. सगळ्यांनी सह्या केल्या. मग कागद धावणाऱ्या दोघांपैकी एकाकडे गेला. त्याने तो शांतपणे वाचला आणि म्हणाला, "काका, हे सगळं झालं तर मग इथे यायचं कशाला? तोळनकेरेला सगळं आहेच की." तो अर्ज अजून आमच्या पिशवीत आहे. द्यायचे धाडस झाले नाही, फाडायचेही झाले नाही. त्यावरून गटात जी चर्चा सुरू झाली, तिचा गोषवारा मंडळाच्या वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण हा प्रश्न एका टेकडीपुरता नाही.

बँकेत कर्जप्रकरण आले की तीन गोष्टी बघायची आमची जुनी सवय. जमीन कागदोपत्री कोणाच्या नावावर आणि कोणत्या सदरात आहे, ही नोंद. प्रत्यक्षात ती कोणाच्या हातात आहे, हा ताबा. आणि पैसे ज्या कामासाठी दिले त्याच कामाला लागले का, हा विनियोग. तिन्हींपैकी एक जरी लंगडे असले तरी खाते आज ना उद्या बुडीत जाते. शहरालगतच्या जंगलांच्या गेल्या काही वर्षांतल्या बातम्या याच तीन रकान्यांत मांडून पाहिल्या, तर बरेच काही उलगडते.

नोंद

मुंबईतल्या आरेचे प्रकरण सर्वांना आठवत असेल. पहाटे धावायला, चालायला येणाऱ्यांच्या दृष्टीने ते जंगलच होते, तिथल्या बिबट्यांच्या दृष्टीनेही होते. पण सरकारी दप्तरात ती दुग्धवसाहतीची जमीन. मेट्रोच्या कारशेडचा वाद न्यायालयात गेला तेव्हा 'हे जंगल आहे का' हाच कळीचा प्रश्न ठरला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे तोडायला सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे गेली होती. पुढे आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. कारशेडची जागा मात्र त्यात नव्हती, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून आरेहून भुयारी मेट्रो धावूही लागली. मेट्रो नको असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईत लोकलला लोंबकळून नोकरी केलेले आमच्या गटातही आहेत. मुद्दा एवढाच की नोंदीचा प्रश्न आधी सुटला असता तर तो रात्रीत करवतीने सोडवावा लागला नसता.

कायद्यातही हीच ओढाताण चालू आहे. १९८० च्या वन संरक्षण कायद्यानंतर १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जंगल म्हणजे केवळ सरकारी यादीतले जंगल नव्हे. शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे, तेही जंगलच. २०२३ च्या दुरुस्तीने हा अर्थ आवळून कायदा मुख्यतः नोंद असलेल्या जमिनींपुरता ठेवला. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की राज्यांच्या याद्या पूर्ण होईपर्यंत १९९६ चाच अर्थ चालू ठेवावा. म्हणजे सध्या निर्णायक वस्तू कोणती? यादी.

आपल्या कर्नाटकात या यादीचे काय झाले तेही पाहू. राज्याने पूर्वी सर्वोच्च न्यायालयापुढे सुमारे ९.९४ लाख हेक्टर 'मानीव वन' दाखवले होते. फेरतपासणीनंतर २०२२ मध्ये हा आकडा सुमारे ३.३ लाख हेक्टरवर आला. सरकारचे म्हणणे असे की जुन्या यादीत शेते, वस्त्या आणि आधीच वाटप झालेल्या जमिनी चुकून आल्या होत्या. त्यात तथ्य आहे. वर्षानुवर्षे अडकलेल्या शेतकऱ्यांना दिलासा मिळाला हेही खरे. पण दोन तृतीयांश शिल्लक एका नोंदीने कमी होते तेव्हा कोणताही बँकवाला विचारील की व्हाउचर तपासले कोणी? गावोगावचे सर्व्हे नंबर तपासायला तिथे चालणारे-धावणारे किती जण गेले?

ताबा

दुसरे उदाहरण पुण्याचे. तिथे नोंद आहे. महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांमधल्या टेकड्यांचे सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैववैविध्य उद्यान म्हणून राखून ठेवलेले आहे. पण बऱ्याच जमिनी खासगी मालकीच्या, त्यामुळे मोबदल्याचा घोळ वर्षानुवर्षे चालला आणि मधल्या काळात टेकड्यांच्या पायथ्याला घरे चढत गेली. आमच्या भाषेत बोजा चढवला, पण ताबा घेतला नाही.

वेताळ टेकडीची गोष्ट याच्या उलट. तिथे ताबा लोकांच्या पायांचा आहे. पिढ्यान् पिढ्या पुणेकर तिथे चालतात, धावतात. बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीच्या अंगावरून काढायचे घाटले, तेव्हा याच लोकांनी विरोध केला. १५ एप्रिल २०२३ रोजी झालेल्या मोर्चात आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे होते. त्यातले कितीतरी जण एकमेकांना फक्त चेहऱ्याने ओळखत असतील, रोज पहाटे नमस्कार करण्यापुरते. पण विरोध सुरू झाल्यावर त्यांनी आराखडे वाचले, भूजलाचा प्रश्न मांडला, वाहतुकीच्या आकड्यांवर प्रश्न विचारले. नुसत्या रोजच्या चालण्याने हक्क सिद्ध होत नाही. पण रोज चालणारा माणूस कागद वाचू लागला की त्याला टाळणे अवघड जाते.

विनियोग

तिसरा रकाना सर्वांत फसवा, कारण त्यात शत्रू दिसत नाही. बंगळूरच्या दक्षिणेला तुरहळ्ळीचे जंगल आहे. नोंद पक्की, राखीव वन. ताबा वनखात्याचा. धावणारे, सायकलवाले, खडक चढणारे तिथे नेहमी जातात. २०२१ च्या सुरुवातीला तिथे 'ट्री पार्क' करायचा बेत पुढे आला. झाडे तोडायची नव्हती, इमारतही बांधायची नव्हती. जंगलाची जरा नीटनेटकी बाग करायची होती. विरोधाला उभे राहिले ते तिथे रोज जाणारेच. त्यांचे म्हणणे सोपे होते. बागा आम्हाला शहरात मिळतात, इथे जंगल राहू द्या. फेब्रुवारीत सरकारने बेत सोडला.

आमचा अर्ज आणि तो बेत यांत फरक काय? फरक एवढाच की तो बेत वरून आला होता आणि आमचा अर्ज खालून जाणार होता. पेव्हर, दिवे, उपकरणे, पार्किंग: प्रत्येक मागणी रास्त वाटते. पण झुडूप गेले की त्यातले पक्षी जातात, फरशी आली की पाणी मुरायचे थांबते, रात्रभर दिवा लागला की रात्री हिंडणारे जीव हलतात. शिवाय ज्या गुडघ्यांसाठी आम्ही फरशी मागत होतो, त्यांनाच माती अधिक मानवते.

विनियोगाचा धडा आपल्या जुन्या धारवाड जिल्ह्याने देशाला दिलेला आहे, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. १९८० च्या दशकात गावांच्या वापरातल्या सरकारी जमिनी कागद-धाग्याच्या लगद्यासाठी निलगिरी लावायला एका संयुक्त कंपनीकडे देण्यात आल्या. वरवर पाहता ते वृक्षारोपणच होते, डोंगर हिरवे होणार होते. पण त्या निलगिरीतून ना चारा मिळणार होता, ना फळ, ना सावलीची फांदी. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी कुसनूरला लोकांनी सत्याग्रह केला. कन्नडमध्ये त्याला 'कित्तिको-हच्चिको' म्हणतात, म्हणजे उपटा आणि लावा. निलगिरीची रोपे उपटायची आणि गावाच्या उपयोगाची झाडे लावायची. एस. आर. हिरेमठ यांची समाज परिवर्तन समुदाय ही संस्था त्यात पुढे होती. ज्ञानपीठविजेते शिवराम कारंत यांच्यासह हा लढा सर्वोच्च न्यायालयातही गेला आणि पुढे ती कंपनी गुंडाळावी लागली. हिरवे दिसते म्हणून सगळे सारखे नसते. ते कोणासाठी हिरवे आहे, हे विचारायला या जिल्ह्याने शिकवले.

बिबट्याने घेतलेली परीक्षा

नृपतुंग बेट्ट बाग आहे की जंगल, याची परीक्षा सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. तिथे बिबट्या दिसला. आसपासच्या शाळांना सुट्ट्या दिल्या, पिंजरे लागले, आमचे पहाटेचे जाणे बंद झाले. त्याच महिन्यात धारवाडजवळ कवलगेरीला एक बिबट्या पिंजऱ्यात सापडला आणि गावाने सुटकेचा श्वास सोडला. आम्हीही सोडला. खोटे कशाला बोला, त्या दिवसांत दुर्गदबैलात रात्री कुत्रे भुंकले तरी आम्ही खिडकी लावून घेत होतो.

पण आता शांतपणे विचार करता वाटते की त्या भीतीतून आपण चुकीची मागणी करायला शिकलो. झुडपे काढा आणि दिवे लावा या आमच्या मागण्यांचे मूळ त्याच महिन्यात आहे. मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. सभोवार दाट वस्ती, आत बिबटे, आणि पहाटे फिरणारेही भरपूर. तिथे अपघात झालेले आहेत, पण लोक काही नियम शिकले: झुंजूमुंजू होण्याआधी एकट्याने जायचे नाही, कचरा टाकायचा नाही, कारण कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. जुन्नर भागात २००० नंतरच्या काही वर्षांत पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडले, तेव्हा सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले, असे विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले. पिंजरा हा शेवटचा उपाय. पहिला उपाय कचराकुंडी.

घरातला आक्षेप

हे सगळे आम्ही घरी मोठ्या उत्साहाने सांगितले. तेव्हा आमच्यापैकी एकाच्या घरी वहिनींनी विचारले, "दिवे नकोत म्हणता, ते तुम्ही पुरुष म्हणता. आम्ही अंधारात कशा येणार?" या प्रश्नाने आमची बोलती बंद झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळ बोपदेव घाटात झालेल्या अत्याचारानंतर टेकड्यांवरच्या सुरक्षिततेची चर्चा सगळीकडे झाली, ती काही उगाच नाही. ज्या वाटेवर निम्मी वस्ती जाऊ शकत नाही, ती वाट सर्वांची आहे असे म्हणायला तोंड राहत नाही. आमच्या बारा सह्यांत एकाही बाईची सही नव्हती, हेही तेव्हाच लक्षात आले.

म्हणून आमचे मत आता असे बनले आहे. दिवे हवेत, पण पायथ्याला, फाटकाशी आणि गाड्या लावायच्या जागी, झाडीत नकोत. झाडीतली वाट उजाडल्यावर उघडावी आणि दिवेलागणीला बंद व्हावी. पहाटे आणि संध्याकाळी एक पहारेकरी फिरता असावा, शक्य तर एक महिला कर्मचारी असावी. पहारेकऱ्याचा पगार हा दरमहाचा खर्च असतो, तर फरशी हा एकदाचा खर्च, ज्याचे उद्घाटन करता येते. म्हणून फरशी लवकर मिळते. आपण मागताना तरी हा फरक ओळखावा.

आता करायचे काय?

आम्ही स्वतःपासून सुरुवात केली. एके दिवशी चालता चालता सगळ्यांना विचारले की ही पायवाट कोणत्या सर्व्हे नंबरातून जाते? वीस-वीस वर्षे चालणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आले नाही. घराच्या हप्त्याची एकेक पावती जपणारे आम्ही, पण रोजच्या वाटेचा उतारा कधी पाहिला नाही. कर्नाटकात हे अवघड नाही. 'दिशांक' नावाचे सरकारी ॲप मोबाइलवर घेतले की आपण उभे आहोत तिथला सर्व्हे नंबर दिसतो. तो नंबर घेऊन 'भूमी' या संगणकीकृत व्यवस्थेतून पहाणी काढता येते. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना समजावून सांगायचे तर आपला सात-बाराच. त्यात जमीन वन आहे, गोमाळ आहे, सार्वजनिक वापराची 'ब' खराब आहे की खासगी, हे कळते. मग शहराचा आराखडा पाहायचा. नवा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी ठरावीक मुदत असते. त्या मुदतीत दिलेल्या एका लेखी हरकतीला जे वजन असते, ते नंतरच्या शंभर मोर्चांना नसते. झाडांसाठी १९७६ चा आणि उद्याने व मोकळ्या जागांसाठी १९८५ चा राज्याचा कायदा आहे. आपल्या मंडळात वकील आहेत, सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेले आहेत, कन्नडमध्ये उत्तम अर्ज लिहिणारे आहेत. गणेशोत्सवाची वर्गणी घरोघरी जाऊन जमवणाऱ्यांना हे काम जड नाही.

आम्ही विकासाच्या विरोधात नाही. हुबळी-धारवाड रस्ता रुंद झाला तेव्हा दुतर्फाची जुनी झाडे गेली, त्याची हळहळ वाटते. पण २०१८ पासून बीआरटीएसच्या गार बसमध्ये बसून आम्हीच धारवाडला लग्नाकार्याला जातो. त्या बसचे नाव 'चिगरी', म्हणजे हरीण. तेव्हा तक्रार करायला आम्हाला फारसे तोंड नाही. पण जे गेले त्याचा हिशेब ठेवणे आणि जे उरले आहे त्याची नोंद करून घेणे, एवढे तर आपल्या हातात आहे.

नव्या अर्जाचा मसुदा तयार होत आहे. त्यात पहिली मागणी पहाणीची प्रत आणि वाटेची सरहद्द दाखवणाऱ्या खुणांची आहे. दुसरी फिरत्या पहारेकऱ्याची, तिसरी पायथ्याच्या दिव्यांची, चौथी झाकण असलेल्या कचराकुंड्यांची. पेव्हर ब्लॉकची मागणी बरीच हुज्जत होऊन काढली. आमच्यातल्या एकाला ती अजून हवी आहे आणि त्यांचे म्हणणे आम्ही अर्जाखाली स्वतंत्र लिहिणार आहोत. या वेळी सह्यांचा कागद आधी घरातल्या बायकांकडे गेला आहे. मंडळाच्या ज्या सभासदांना मसुदा वाचायचा असेल, दुरुस्त्या सुचवायच्या असतील, त्यांनी रविवारी पहाटे साडेपाचला दुर्गदबैलात यावे. तिथून सगळे मिळून निघू. कागद आमच्याकडे आहे. पेन आणि बूट आपले आणावेत.